डॉक्टर, हे पुरुषाला शोभतं का?

(या सदराच्या डॉक्टर नारायण पेठेत जनरल प्रॅक्टिस करतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.)

एरवी पुरुषांच्या तब्येतीची पत्रं त्यांच्या बायका लिहितात. या खेपेच्या गठ्ठ्यात तीन पत्रं पुरुषांनी स्वतः लिहिलेली निघाली, म्हणून ती आधी घेतली. चौथं एका आईचं आहे. तेही त्याच विषयाचं.

प्रश्न : वय ३४, खासगी कंपनीत सुपरवायझर आहे. दोन मुली, दोन्ही वेळा सिझेरियन. बायको म्हणते, आता ऑपरेशन तुम्ही करून घ्या. माझी तयारी आहे. पण आई म्हणते, घरातल्या कर्त्या पुरुषानं असलं काही करायचं नसतं, अंगातली ताकद जाते, आणि अजून एका मुलग्याची वाट बघा. कंपनीत दोघांना सहज विचारलं तर सगळी शिफ्ट आठवडाभर हसत होती. खरंच अशक्तपणा येतो का? आणि लोकांना काय सांगायचं?
— एक वाचक, धायरी

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न शरीराचा आहे, दुसरा लोकांचा. पहिल्याला पाच मिनिटं पुरतात, म्हणून तो आधी.

वृषणातून शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, त्या बंद करायच्या, एवढंच हे ऑपरेशन. भूल तेवढ्या जागेपुरती. बिनटाक्याच्या पद्धतीत कातडीला एक बारीक छिद्र पाडतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. दोन दिवस आराम करायचा, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही, घट्ट अंडरवेअर किंवा लंगोट वापरायचा. पुरुषी हार्मोन या नळ्यांतून जातच नाही. ते वृषणातून थेट रक्तात मिसळतं, त्यामुळे नळी बांधली काय नि न बांधली काय, त्याला पत्ताही लागत नाही. दाढी, आवाज, दंडातली ताकद, इच्छा, ताठरता, सगळं होतं तसंच राहतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा मुळात इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना काही फरक दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण घोटाळा तिथेच होतो. ऑपरेशनचा परिणाम दुसऱ्या दिवसापासून सुरू होत नाही. नळीत पुढे असलेले शुक्राणू संपायला वेळ लागतो. तीन महिने कंडोम वापरायचा, मग वीर्यतपासणी करायची, आणि रिपोर्टात शून्य आलं की मगच मोकळे. हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं, मधल्या काळात दिवस राहतात, आणि नवरा बायकोकडे संशयानं बघायला लागतो. हे मी दवाखान्यात पाहिलेलं आहे, आणि त्या बाईचा चेहरा विसरण्यासारखा नव्हता. दुसरं म्हणजे, हा निर्णय कायमचा समजून घ्या. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री कुणी देत नाही.

सरकारी नियम सोपे आहेत. लग्न झालेलं असावं, वय साठीच्या आत असावं, निदान एक मूल वर्षाहून मोठं असावं. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. जोडीदाराची सही बंधनकारक नाही. आईची तर नाहीच नाही.

आता लोक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचवी फेरी) स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३. शंभर पटींहून जास्त अंतर, आणि तेही पोट न उघडता होणारं, हलकं ऑपरेशन पुरुषाचं असताना. त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या पस्तीस पुरुषांनी सांगितलं की संततिनियमन ही बाईनं बघायची गोष्ट. तुमच्या शिफ्टमध्येही हिशेब साधारण तोच निघेल.

हे असंच पूर्वापार चालत आलं असावं, असं वाटतं ना? तसं नाही. १९७१ साली केरळात एर्नाकुलमला महिनाभराचं शिबिर झालं, त्यात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी नसबंदी करून घेतली. त्या काळात कुटुंबनियोजन म्हटलं की पुरुषाचंच ऑपरेशन डोळ्यासमोर यायचं. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, आणि त्यातल्या किती जणांना खरोखर विचारलं होतं, हे सांगायला नको. सरकार पडलं. पुढच्या सरकारांची पुरुषांकडे वळायची फारशी छाती झाली नाही, आणि सगळा कार्यक्रम बायकांच्या पोटावर येऊन पडला. तुमच्या आईचं वय मी साठीच्या आसपास धरते. म्हणजे तेव्हा त्या शाळेत जात असणार. ‘नसबंदीची गाडी आली, पळा’ हे त्यांनी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं असणार. त्या भीतीचंच पुढे ‘ताकद जाते’ झालं. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. ‘हिचं पोट दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा नको, आता माझी पाळी,’ एवढंच सांगा. हे खरंही आहे आणि त्यांना समजण्यासारखंही. त्यांनीही बाळंतपणं काढलीच आहेत की.

मुलग्याच्या वाटेचं म्हणाल, तर मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. हे मी इतक्या सासवांना सांगितलंय की आता कंपाउंडरही पाठ म्हणून दाखवतो.

मित्रांना काय सांगायचं? काहीही नाही. मूळव्याधीचं ऑपरेशन कुणी गेटवर जाहीर करतं का? आणि माझा अनुभव असा की हसणाऱ्यांतला एखादा दोन-तीन महिन्यांनी एकटा गाठतो आणि विचारतो, ‘काय रे, दुखलं का?’ त्याला खरं सांगा. पुरुष जे काय एकमेकांकडून शिकतात ते असंच, पार्किंगमध्ये, इकडेतिकडे बघत.

जाता जाता : महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे, आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, समाजाची बोलणी खाल्ली. त्यांनी ही शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली होती. पुढची कित्येक वर्षं ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळजवळ एकहाती चालवत होते. अशक्तपणाचं लक्षण म्हणावं तर अवघड आहे.

प्रश्न : वय १९. सहा महिने जिम करतोय पण बॉडी दिसत नाही. ट्रेनर म्हणतो, एक कोर्स मार, तीन महिन्यांत कट्स दिसतील. इंजेक्शन घेऊ का? घरी माहीत नाही.
— एक वाचक, कात्रज

उत्तर : नको.

कारण हवं असेल तर ऐक. त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा पुरुषी हार्मोन किंवा त्याचा भाऊबंद असतो. बाहेरून एवढा माल आला की मेंदू वृषणांना कळवतो, तुमची गरज नाही. मग ती आकसतात, शुक्राणू घटतात. काही मुलांच्या छातीत बायकांसारखी गाठ धरते. तोंडावर, पाठीवर पुरळ येतं, प्रेशर वाढतं, गोळ्या असतील तर यकृतावर जातं. कोर्स थांबवल्यावर कित्येक आठवडे मन इतकं खाली जातं की मुलं पुन्हा सुई शोधायला लागतात. म्हणजे ज्यासाठी घ्यायचं, नेमकं तेच घालवून बसायचं. ट्रेनरला बाटलीवरचं नाव लिहून मागितलंस तर तो विषय बदलेल, करून बघ.

सहा महिने म्हणजे काहीच नाहीत. टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा किडकिडीत होते. पहिलं वर्ष त्यांनी पोहणं, कुस्ती, जोर-बैठकांत घातलं आणि त्या वर्षी परीक्षेत आपटले. शरीर कमवायला वेळ लागतो, हे तेव्हाही खरं होतं. अंडी, डाळ, दूध, आठ तास झोप. आणि जिममधला तो आरसा थोडा कमी बघ. समोर उभे असलेले सगळे तुझ्याकडे नाही, स्वतःकडे बघत असतात.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. लहानपणापासून कथक शिकतो, त्याला मनापासून आवडतं. गेल्या वर्षापासून वर्गातली मुलं ‘बायल्या’ म्हणतात, मागून टाळ्या वाजवतात. आता तो घुंगरांची पिशवी दप्तराच्या तळाशी लपवून नेतो. सासरे म्हणतात, नाच बंद करा आणि तालमीत घाला. थोरला नातू ढोलपथकात आहे, त्याचं त्यांना फार कौतुक. हल्ली धाकटा टिळक तलावावर पोहायलाही जात नाही, घरात बनियनसुद्धा काढत नाही. आम्ही त्याला चुकीचं वळण लावलं का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : तुम्ही बनियनचं अगदी शेवटी, ओघात लिहिलंय. मला तेच आधी दिसलं.

तेराव्या-चौदाव्या वर्षी साधारण निम्म्या मुलांच्या छातीत, बोंडाच्या मागे, सुपारीएवढी गाठ येते. कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. धक्का लागला तर दुखते. वयात येताना हार्मोन वरखाली होतात, त्यातला हा प्रकार. सहसा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. पण हे मुलाला कोण सांगतं? मुलींच्या शरीराबद्दल आता शाळेत एखादं तरी व्याख्यान होतं. मुलग्यांना कुणी काही सांगत नाही, कारण त्यांना सगळं आपोआप कळतं असा आपला एक समज आहे. ज्याला वर्गात आधीच बायल्या म्हणतात त्या मुलानं एक दिवस अंघोळ करताना ही गाठ चाचपली, तर त्याला काय वाटलं असेल? मुलं म्हणतात तेच खरं होतंय, असं. मग तो कसला तलावावर जातोय.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, पण विचारून बघा. तुमच्यापेक्षा वडिलांनी विचारलं तर उत्तम. त्यांनाही त्या वयात हे झालं असण्याची शक्यता निम्मी आहेच. गाठ फार मोठी असेल, दगडासारखी कडक लागत असेल किंवा स्राव येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता सासरेबुवा. थोरला नातू मिरवणुकीत फेटा बांधून, कानात मोत्याची भिकबाळी घालून ढोल वाजवतो, त्याचा फोटो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला असणार. पेशवाईतले पुरुष भिकबाळी घालायचे, गळ्यात कंठी, हातात कडी. तेव्हा त्यांना कुणी बायकी म्हटलं नाही. मधल्या काळात पुरुषाच्या अंगावरचं मोती उतरलं, आणि आता दहा दिवसांपुरतं परत चढलं तर ते मर्दानी ठरलं. जंगली महाराज रस्त्यावरच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते बालगंधर्व पुण्यातच १८८८ साली जन्मले आणि आयुष्यभर स्त्रीपार्ट करत गेले. त्यांच्यासारखी साडी नेसायला, अंबाडा घालायला घरंदाज बायका शिकल्या. सासऱ्यांच्या वडिलांनी कदाचित रात्रभर जागून त्यांची पदं ऐकली असतील. आणि कथक म्हणाल तर लखनौ घराण्याचे बिंदादीन महाराज, अच्छन महाराज, शंभू महाराज, बिरजू महाराज, सगळे पुरुष. पुण्यात ही विद्या रोहिणी भाटे यांनी १९४७ पासून नृत्यभारतीत रुजवली, म्हणून आपल्याकडे ती मुलींची वाटते. गावागणिक ‘पुरुषाला शोभणारं’ बदलतं ते असं.

आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा सासऱ्यांना सोबत घेऊन भवानी पेठेत पालखी विठोबाकडे जा. मिशा पांढऱ्या झालेले बाप्ये हातात हात घालून फुगडी घालतात, एकमेकांच्या पाया पडतात, गळ्यात पडून रडतात. सासरे त्यांना हातच जोडतील.

वर्गशिक्षकांना भेटा आणि टाळ्यांचा प्रकार नेमका कधी, कुठे होतो ते सांगा. मोघम तक्रार केली तर मोघम भाषण होतं, आणि भाषणानंतर मुलं जास्त टाळ्या वाजवतात. तालमीत जायचं त्याला स्वतःला असेल तर जरूर जाऊ दे. तत्कारावर, म्हणजे कथकच्या पायांच्या कामावर, तयार झालेले पाय बैठकांना कमी पडणार नाहीत. पण एक करू नका. ‘स्नेहसंमेलनात नाचून दाखवून दे सगळ्यांना’ असं म्हणू नका. त्याला आवडतं म्हणून तो नाचतो, तेवढं पुरे. सिद्ध करायचं ओझं वर्गानं घातलंच आहे, घरानं त्यात भर टाकायला नको.

प्रश्न : वय ६१. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. पैशाची ददात नाही. मुलगा-सून वाकडला, मुलगी बेंगळुरूला. पत्नी तिच्या कामात, भजनी मंडळात, भिशीत. मी स्वयंपाकघरात गेलो की ‘तुम्ही बसा हो, मी करते’. पहाटे चारला जाग येते ती येतेच. परवा सोसायटीच्या वॉचमनवर इतका ओरडलो की नंतर माझी मलाच लाज वाटली. कधीकधी बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो. पुरुषाला हे शोभत नाही, हे कळतं. झोपेची एखादी गोळी सुचवावी.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : गोळी सुचवत नाही, रागावू नका. पहाटेची जाग, चिडचिड, न आवरणारं रडू. हे सगळं एकत्र आलं की आम्ही नैराश्याचा विचार करतो. तो आजार आहे, प्रेशर किंवा साखरेसारखा, आणि त्यावर उपचार आहेत. पुरुषांत तो बरेचदा दुःखाच्या नव्हे, संतापाच्या वेषात येतो. वॉचमन, रिक्षावाला, वीजबिलाच्या खिडकीवरचा माणूस, यांच्या वाट्याला तो जातो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बिघडला. आधी तुमच्या डॉक्टरांकडून प्रेशर, साखर, थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ हमखास बघा. ते कमी पडलं तरी मन उतरतं.

आणि तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मी सरळ विचारते. जगणं नकोसं वाटतं का? वाटत असेल तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. २०२२ साली देशात नोंदलेल्या आत्महत्यांमध्ये दर शंभरांत जवळजवळ बहात्तर पुरुष होते. ते सगळे कुणाशी काही न बोलता गेले असं मी म्हणत नाही, पण पुरुष माझ्याकडे कसे येतात ते मला माहीत आहे. ‘हिला दाखवायचंय’ म्हणून येतात. तिची तपासणी होईस्तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. निघताना दाराची कडी हातात धरून म्हणतात, ‘मॅडम, आलोच आहे तर माझंही प्रेशर बघता का?’ ते बघितलं की मी त्यांना पुन्हा खाली बसवते.

वडील गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत कुणीतरी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं असेल, ‘आता तूच कर्ता.’ त्या एका वाक्यानं आपल्याकडे किती जणांचं रडणं तुंबून राहिलंय. मग तीस-पस्तीस वर्षं साहेब म्हणून गेली. खुर्ची होती तोवर ते झाकलेलं राहिलं. आता खुर्ची नाही. तुम्ही आज जे रडताय त्यात थोडं वडिलांचंही असेल.

तुम्ही तळजाईवर फिरायला जात असालच. सकाळचा ग्रुपही असेल. असे ग्रुप वर्षानुवर्षं एकत्र टेकडी चढतात. शेअर, गुडघे, महापालिका, सगळ्यावर बोलतात, आणि त्यातला एक जण घरी नळ सोडून रडतो हे बाकीच्यांना कळत नाही. त्यातल्या त्यात शहाण्या एकाला बाजूला घ्या आणि एवढंच म्हणा, ‘मला झोप लागत नाही रे.’ पुढचं तो विचारेल. पुरुषांना बोलायला हक्काची जागा नाही, हे ओळखून विद्या बाळ यांनी पुण्यात पुरुष संवाद केंद्र सुरू केलं होतं. स्त्रियांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या बाईला ते सुचलं, पुरुषांच्या एकाही मंडळाला नाही.

राहिलं स्वयंपाकघर. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, घरकाम करणारे पुरुष ९७. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरांत सव्वीसच. तुमची बँक होती तेव्हा वहिनींची बँक तो ओटा होता, आणि त्या निवृत्त झालेल्या नाहीत. तिथे तुम्ही एकाएकी शिरलात तर त्यांना तो ऑडिटच वाटणार. म्हणून ‘मदत करू का’ असं विचारत उभे राहू नका. एक काम पूर्णपणे तुमचं म्हणून मागून घ्या. मंडईतून भाजी आणणं, ती निवडणं, चिरणं. किंवा दुपारचा चहा, कपबशा विसळण्यासकट. पहिले काही दिवस बोलणी बसतील, ती खाऊन घ्या. नव्या शाखेत रुजू झाल्यावरही बसतच होती. आणि ओटा पुसायचं फडकं कुठलं, ते आधी विचारून घ्या.